पहिला फोटो सुशीलाक्कांचा

धनपाल आण्णा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत. तेही असं, की पुढेमागे हे डोळे आठवून काढायची वेळ येणार आहे. मी वारणानगरला इंग्रजी शिकवायला आलो आणि कोडोलीत त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच भेटीत मला अवघडल्यासारखं झालं. म्हातारा जरा चक्रम दिसतोय, असं मनात म्हणून मी घरी आलो. ती सवय धंद्यातली होती, हे नंतर कळलं.

आण्णा फोटोग्राफर. पूर्वी उभ्या आयुष्यात एकही फोटो न काढलेली माणसं गावोगाव असायची. असं कुणी गेलं, की तिरडी उठायच्या आधी आण्णांना बोलावणं यायचं. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्याला पटका नाहीतर कपाळाला कुंकू लावायचं आणि फोटो काढायचा. खरं काम नंतर सुरू व्हायचं. मिटलेल्या पापण्यांवर आण्णा बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे. त्याआधी घरच्यांना विचारायचे, "डोळं घारं का काळं? बगायची कशी, हासत का रागानं?" विद्यार्थ्यांच्या घरी चहाला गेलो, की भिंतीवरचे आजोबा नेमके माझ्याकडेच बघत असायचे. खरं सांगतो, चहा घशाखाली उतरायचा नाही.

पण आण्णांच्या स्वतःच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. सुशीलाक्का ऐकतच नसत. "तुमच्या कॅमेऱ्यात मेलेल्यांची गर्दी हाय," त्या म्हणायच्या, "त्यात मला बसवू नगा." आण्णांना ही गोष्ट फार लागायची. सगळ्या गावाचे डोळे उघडले आणि घरचे राहिले, असं मला कितीदा तरी बोलून दाखवलं त्यांनी.

मग कबनूरला दिलेल्या विद्यानं, त्यांच्या मुलीनं, नवा डिजिटल कॅमेरा आणून दिला. सोबत चारशे पानांचं माहितीपुस्तक, सगळं इंग्रजीत. अक्कांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ह्यात अजून कुणी गेलं नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग काढा माझा, पण ह्यात पहिलं माणूस मीच पाहिजे. आण्णा लहान मुलासारखे हरखले, ह्यात मेलेलं माणूस कधीच जाणार नाही असा शब्दही देऊन बसले.

आता लगेच काढून मोकळं व्हायचं की नाही? पण नाही. अक्कांचा फोटो शिकाऊ हातानं काढायचा नाही, आधी अख्खं पुस्तक वाचायचं आणि एक पान गाळायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रोज दुपारी मी वाचून मराठीत सांगायचो आणि आण्णा कापऱ्या हातांनी घागरीवर, पायरीवर, दारच्या म्हशीवर सराव करायचे. माणूस मात्र समोर येऊ द्यायचे नाहीत. मी चुकून आलो तरी लेन्सवर हात ठेवायचे. म्हैस चालते आणि मी चालत नाही, म्हणून मी चिडायचो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या आणि किती पानं राहिली ते विचारायच्या. सगळं आपोआप होणारं बटण आहे, ते लावा आणि एक काढून टाका, असं मी दहादा सांगितलं. ऐकतील तर शपथ!

निम्मं पुस्तक झालं होतं. एका सकाळी अक्का अंगण झाडताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. सगळे जमले. विद्यानं रडत रडत तोच कॅमेरा आणून आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी तो पाठीमागं धरला. "ह्यात मेलेलं माणूस जायचं न्हाय," ते म्हणाले. "शबूद दिलाय मी." अक्का फोटोशिवाय गेल्या. मला आण्णांचा संताप आला, त्या पुस्तकाचा आला, आणि निवांत चहा पीत रोज चार-चार पानं वाचणाऱ्या माझा स्वतःचाही आला.

पंधरा दिवसांनी आण्णांनी मला पुन्हा वाचायला बोलावलं. पुढचं प्रकरण चेहऱ्यांचं होतं. समोर माणूस आलं, की कॅमेरा स्वतःच त्याचा चेहरा शोधतो आणि पडद्यावर त्याच्याभोवती पांढरा चौकोन दाखवतो. माणूस हललं की चौकोनही हलतो. आण्णांनी ती सोय चालू केली आणि कॅमेरा खोलीभर फिरवला. भिंत, घड्याळ, कॉट, काही नाही. स्वयंपाकघराच्या रिकाम्या उंबऱ्यावर चौकोन आला. अक्कांचं तोंड यायचं त्याच उंचीवर. तो हलत होता. आण्णांचे हात कापतात म्हणून असेल, असं म्हणून मी कॅमेरा घेऊन टेबलावर ठेवला. तरीही तो हलत होता.

काय आहे ते बघायला मी उठून उंबऱ्यात गेलो. आण्णा पडद्याकडे बघत अगदी सहज म्हणाले, "सर, जरा डावीकडं सरकासा. ती झाकाय लागलीय." मी सरकलो. 

बटण मात्र त्यांनी दाबलं नाही. पुस्तक संपल्यावरच, असं म्हणाले. मी पुस्तक घरी नेऊन पुढची पानं चाळली. शेवटी अडचणींच्या यादीत एक ओळ होती: काही वेळा चेहरा नसलेल्या वस्तूवरही चौकोन दिसू शकतो. वाचून मला आधी हायसं वाटलं. ही ओळ वाचून दाखवली असती, तर अक्का त्यांच्या घरातून दुसऱ्यांदा गेल्या असत्या. नसती वाचली, तर एक म्हातारा रिकाम्या दाराशी संसार करत बसला असता. पुढचा दीड महिना मी ह्याच विचारात होतो.

शेवटच्या दिवशी मी ती ओळ गाळली.

"एक वळ सोडलासा," आण्णा म्हणाले. "तुमचं डोळं तिथं थांबलं आन् मग खाली उतरलं. वाचा."

मी वाचली. आण्णांनी मान हलवली. मग त्यांनी कार्डावरच्या घागरी आणि म्हशी पुसून टाकल्या, कॅमेरा उंबऱ्याकडे धरला आणि बटण दाबलं. पडद्यावरचा फोटो ते बराच वेळ न्याहाळत राहिले.

"डोळं उघडं हायत," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. उंबरा होता, मागं फळीवर भांडी होती. 

गेल्या महिन्यात आण्णा गेले. त्यांचा फोटो मोठा करून घरच्यांनी भिंतीवर लावला. विद्या कार्ड घेऊन माझ्याकडे आली. त्यात एकच फोटो होता.

"आण्णांनी नुसता उंबराच काढलाय की, सर," ती म्हणाली. "पुसून टाकू?"

"तो तुझ्या आईचा फोटो आहे," मी म्हणालो.

तिनं तो फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला. मग तिनं विचारलं, "केवढा मोठा करून घेऊ?"

"आण्णांच्या फोटोएवढाच," मी सांगितलं.