कात्रणाची मागची बाजू

राज्यसेवेच्या परीक्षेचा फॉर्म मी चौथ्यांदा भरला, तेव्हा माझ्याबरोबर तयारी करणारं देवासमध्ये कोणीच उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही चौघं होतो. एक पटवारी होऊन पीपलरावां गावाला गेला, एकानं वडिलांचं दुकान धरलं, एकाचं लग्न झालं आणि त्याला आमच्यात येऊन बसायची लाज वाटू लागली. उरलो मी. कॉलनीत कोणी विचारलं, "क्या चल रहा है भिया?" की मी म्हणायचो, "तैयारी." पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडलं आणि मला त्याचाही राग आला. विचारलं तरी राग, नाही विचारलं तरी राग, असा मी त्या काळात होतो.

चालू घडामोडी हा माझा हुकमी विषय. इतिहास, भूगोल एकदा पाठ झाला की झाला, पण घडामोडींचं तसं नसतं. त्या रोज सकाळी नव्यानं येतात आणि वर्षभरानं त्यांना कोणी विचारत नाही. मागच्या वर्षी घोकलेल्या नेमणुका, पुरस्कार, समित्या, सगळं यंदा रद्दी. हे सगळं मोबाइलवर आयतं मिळतं हे मला माहीत होतं. तरी मी पेपर कापायचो. कात्रण रजिस्टरमध्ये डिंकानं चिकटवून बाजूला लाल पेनानं संभाव्य प्रश्न लिहिला की ते माझ्या डोक्यात बसायचं. शिवाय त्यात दिवसाचा दीड तास जायचा. हे दुसरं कारण मी कोणाला सांगत नसे.

घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासला आले आणि रिटायर झाल्यावर दोन वर्षांत गेले. आई मात्र इकडचीच, धारची. तिच्या माहेरची माणसं एके काळी दरबारच्या चाकरीत होती, त्यामुळे तिचं मराठी माझ्याहून जुनं आणि खणखणीत. पेपरातलं तिला एकच पान लागायचं, उठावन्याचं. आमच्या माळव्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी उठावना ठेवतात. लोक तासभर जमतात, हात जोडतात आणि उठतात. त्याचे फोन कोणी करत बसत नाही. पेपरात फोटोसकट छापतात, आणि छापलं म्हणजे सगळ्यांना कळवलं असं धरून चालतात. आई चहाबरोबर ते पान उघडायची आणि म्हणायची, "बघू, आज कोणाकडे जायचंय."

आमचा नियम होता. आधी आईनं वाचायचं, मग दुपारी मी कापायचं. परीक्षेच्या दीड महिना आधी तो मी मोडला. मला दुपार अभ्यासाला मोकळी हवी होती. आई पूजेला बसली की मी पेपर उचलायचो आणि तिची आरती होईपर्यंत कापून मोकळा व्हायचो. तिच्या हातात खिडक्या पडलेला कागद यायचा. "आपल्याकडचे उंदीर फार शिकलेले दिसतात," एवढंच ती एकदा म्हणाली आणि उरलेलं वाचू लागली.

आईची एक मैत्रीण धारला होती. मी तिला मावशी म्हणायचो. दोघी एका गल्लीत वाढल्या, एका बाकावर शिकल्या. आईला लहानपणच्या नावानं हाक मारणारं ते एकच माणूस उरलं होतं. मावशीला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून फोन बंद झाले. मग आई चैत्रात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बसनं धारला जाऊन दोन दिवस राहून यायची. परत आल्यावर आठवडाभर ती माझ्याशीही ओरडूनच बोलायची. त्या आठवड्यात घर भरल्यासारखं वाटायचं.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना आई मंगळवारच्या भजनाहून आली आणि पदराची पिन न काढता तशीच खुर्चीवर बसली. भजनातल्या एका बाईचं सासर धारचं. ती सहज म्हणाली होती, "त्यांच्या उठावन्याला तुम्ही दिसल्या नाही." मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते.

आई रडली नाही. "मला कळवलं नाही तिच्या मुला-सुनेनं," ती म्हणाली. मग पिन काढत म्हणाली, "आई गेल्यावर आईच्या मैत्रिणी कोण लक्षात ठेवतो."

"पेपरात दिलं नसेल," मी म्हणालो.

"नव्हतंच दिलं. मी रोज बघते ना."

ती अगदी खात्रीनं बोलली आणि मला माझी कात्री आठवली.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. भजनातल्या बाईनं सांगितलेला दिवस धरून मागे गेलो. त्या सकाळचं कात्रण एकच होतं. धारकडच्या बाग गावच्या, कापडावरच्या ठशांच्या छपाईला कुठल्याशा प्रदर्शनात मान मिळाल्याची बातमी, आणि शेजारी माझा लाल प्रश्न. पान खिडकीच्या उजेडात धरलं तर मागून उलटी अक्षरं आणि फोटोचा काळपट चौकोन दिसला. बोट ओलं करून हळूहळू कड सोडवली. मावशीचा अर्धा चेहरा, नाव, उठावन्याची वेळ. पत्त्याची ओळ माझ्या कात्रीनं मधोमध कापली होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. मनाची समजूत घातली की परीक्षा होऊ दे, आत्ता सांगून दोघांचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. एवढी वर्षं घरात बसून मी काही मिळवलं नसलं तरी आईचं काही बिघडवलंही नाही, ही एकच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि तीही गेली होती. मूग गिळून मी अभ्यास करत राहिलो. आईनं मावशीच्या मुलाला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त एकदा भाजी निवडताना म्हणाली, "आता धारला माझं काय काम." ती आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. तोंडापर्यंत आलेलं मी रोज परत गिळायचो. मित्र पांगले तेव्हा मला एकटं वाटलं होतं, पण ते काहीच नव्हतं.

परीक्षेत बागच्या छपाईवर प्रश्न आला. शब्दसुद्धा जवळजवळ माझेच होते. बरोबर उत्तराचा गोल काळा करताना मला स्वतःची इतकी किळस आली की पुढचे दोन प्रश्न मी नुसतेच वाचले.

घरी आलो. आईनं विचारलं, "बरा गेला का रे?" मी ते कात्रण तिच्या पुढ्यात पालथं ठेवलं. तिनं चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मी बोलत सुटलो. तुझ्याआधी पेपर घ्यायला नको होता म्हणालो, मला दहा दिवस माहीत होतं तेही सांगितलं.

"म्हणजे त्यांनी कळवलं होतं," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर सोसलं असतं. ती कात्रणावरून हात फिरवत म्हणाली, "आणि मी त्या पोराला मनातल्या मनात काय काय बोलले. उद्या मला धारला घेऊन चल."

इंदूरला बस बदलून दुपारी पोचलो.  तिथे गेल्यावर मी स्वतः सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं, आणि काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

मावशीच्या मुलानं आईला वाकून नमस्कार केला. सुनेनं पाणी आणलं. भिंतीवर मावशीचा फोटो होता, पेपरातलाच, पण पूर्ण. इकडचं तिकडचं झाल्यावर तो आईला म्हणाला, "मावशी, आम्ही तुमची फार वाट बघितली. पेपरात दिलं होतं. देवासहून बाकीचे आले, बस तुम्हीच नाही आल्या." तो रागावून बोलला नाही, पण इतके दिवस मनात ठेवलेलं होतं हे कळत होतं.

मी कप खाली ठेवला. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाचलं होतं रे," ती म्हणाली. "पण प्रवासाचा कंटाळा केला मी."

"एक फोन तरी करायचा होता, मावशी," सून म्हणाली.

"चुकलंच माझं," आई म्हणाली, आणि स्वतःपेक्षा धाकट्या असलेल्या त्या दोघांपुढे तिनं हात जोडले.

मुलानं नुसती मान हलवली आणि सून रिकामे कप उचलून आत गेली. अजूनही बोलता आलं असतं. धारमध्ये आईला आपलं म्हणणारं ते एकच घर होतं, आणि तिथे ती कंटाळा करून मैत्रिणीच्या उठावन्याला न आलेली बाई ठरली. मी शेजारी बसून ते ठरू दिलं.