सात वाजून आठ मिनिटांनी

घड्याळकाकांनी एकतीस वर्षे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टर रूममध्ये काढली आणि प्रत्येक खेळाला प्रेक्षक किती वाजता उठले, याची नोंद वहीत ठेवली. बायको म्हणे, "दूध उतू गेल्याची वेळ कधी लिहिलीत?"

या वहीने एकदा घात केला. त्या सोमवारी एक जपानी चित्रपट लागला. पोस्टरवर उपसलेली तलवार. पडद्यावर मात्र उतारवयाचा एक सामुराई, त्याची आजारी आई आणि पुष्कळशी शांतता. द्वंद्व एकच. त्याआधी नऊ मिनिटे तो तलवार मांडीवर घेऊन नुसता बसतो, म्यानाला हात लावतो, काढून घेतो. काकांचा जीव त्या नऊ मिनिटांत अडकला होता.

प्रेक्षकांचा मुळीच नाही.

"अरे काढ की, गंजली काय?"

"तलवार कसली, म्हातारपणाची काठी आहे ती!"

वर्तमानपत्रातील समीक्षक महाशयांनी नाकाने कांदे सोलले: 'ही शांतता नव्हे, सुस्ती. झोपेत काढलेला, झोपेसाठी काढलेला चित्रपट.' हे गृहस्थ सहा पस्तीसलाच निघून गेल्याची नोंद वहीत होती.

बुधवारचा खेळ संपताच मालक जिना चढून वर आले. त्यांनी वही उघडली. सोमवार, सात वाजून आठ: चौदा जण. मंगळवार, सात वाजून आठ: सतरा. बुधवार, सात वाजून नऊ: पंधरा. तिन्ही दिवस पडद्यावर तीच नऊ मिनिटे.

"तुमच्याच अक्षरात आहे. कापा हा तुकडा."

"मालक, हा कापला तर पुढच्या लढाईला अर्थच राहत नाही."

"अर्थ कोण मागतंय? उद्याही लोक उठले तर सिनेमा उतरवतो."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. काकांनी तुकडा कापला, डब्यात ठेवला, डब्यावर चिठ्ठी लावली.

गुरुवारी सात वाजून आठ मिनिटांनी पडद्यावर द्वंद्व ऐन रंगात होते. तलवारी उपसलेल्या. तीन दिवस ज्यासाठी आरडाओरडा चालला होता, नेमक्या त्याकडेच पाठ फिरवून सोळा माणसे दाराकडे निघाली.

खेळ संपताच काकांनी दारवानाला गाठले. "हे लोक का उठतात रे?"

"अहो काका, सात दहाची बस! वसाहतीकडं जाणारी शेवटची. या सोमवारपासूनच वेळ बदललीय."

काका तसेच मालकांकडे गेले आणि बसचे सांगितले. मालकांनी मान वर केली नाही. "त्या जपान्याची वकिली पुरे. सिनेमा उतरला."

प्रिंट परत पाठवण्यापूर्वी काकांनी तो तुकडा जागच्या जागी जोडला. जोड दोनदा तपासला.

पुढच्या आठवड्यात धडाकेबाज मारधाडपट लागला. पहिल्याच दिवशी सात वाजून आठ मिनिटांनी अठरा जण उठले. काकांनी वही मालकांच्या पुढ्यात ठेवली.

"मग? यातलं काय कापू?"

मालक खेकसले, "अहो, त्या लोकांना बस गाठायची असते! एवढंही कळत नाही?"

काका जिना चढून वर आले. फूटपट्टी घेऊन त्यांनी वहीत नवा रकाना आखला: 'कारण'. मग मागचे पान काढून चारही नोंदींपुढे 'बस' असे लिहिले. समीक्षकांच्या नोंदीपाशी पेन थबकले. थोड्या वेळाने त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'बस नव्हे. यांच्याकडे स्वतःची मोटार आहे.'