शिंपल्यांवरचा थर

रोह्यालगत वरसे येथे मी मैत्रिणीकडे उतरले होते. तेथून सकाळी निघताना पाठीवर कपडे कमी आणि लोखंड जास्त होते. जमिनीत फिरवत रोवायची आणि आतली माती अखंड बाहेर काढायची पोकळ नळी मी सोबत घेतली होती; मातीच्या थरांवरून पूर्वीचे हवामान वाचणे हे माझे काम. वाटेत खांब गावी चहा घेताना शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "बोअरिंग मारता काय?" मी हो म्हटले, ते सोपे होते.

वडखळला गाडी बदलून पेणच्या खारेपाटात (खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन) पोहोचले. एका बाजूला भरतीने फुगलेली खाडी, दुसऱ्या बाजूला तिच्याहून खालची शेते आणि मध्ये केवळ मातीचा बांध. तो जिथे सर्वांत खचला होता, तिथेच यमुनाकाकींचे शेत; तिथे नळी रोवायची परवानगी त्यांनी मला दिली होती.

"परवा भांग हाय," (लहान भरतीचे दिवस) त्या म्हणाल्या. "घरटी एक माणूस येतो नि चिखल घालून बांध उचलतो. आवंदा नाय उचलला, तर उधाणाला माझंच शेत पयलं जाईल."

बांधापासून दूर, त्यांच्या शेताच्या मधोमध मी नळी रोवली. ती उघडताना शेजारचे दामूकाका वाकून पाहत होते. वर तपकिरी माती, तिच्याखाली शिंपल्यांचा राखी गाळ, त्याखाली मुळांनी भरलेली काळी माती.

"बघ गो यमुने, शिंपल्या! दर्या आधीपण इथंच व्हता. येतो, जातो. निसर्गाचंच हाय सगळं. मी नाय येत परवा चिखल तुडवायला."

"तू मरशील त्ये पण निसर्गाचंच," काकी म्हणाल्या. "म्हणून जेवायचं सोडलंस का रे?"

मी हसले, पण अस्वस्थही झाले. दामूकाका अडले की त्यांची सारी आळी अडते, आणि या वेळी ते माझ्याच पुराव्यावर अडले होते. 'पूर्वीही झालं होतं, मग आता आपण काय करायचं' ही उडी शहरातल्या वादांतही वारंवार ऐकू येते.

"दर्या आधी आला होता, हे खरं," मी म्हणाले. "पण हा गाळ साचायला कित्येक पिढ्या गेल्या. आता आपल्या धुरानं हवा तापते आहे, दर्याला घाई झाली आहे. आणि काका, वरचा हा तपकिरी थर बघा. इथली खार धुऊन भात पिकलं, ते बांध टिकला म्हणून. तो निसर्गानं नाही, तुमच्या माणसांनी राखला."

त्यांनी त्या मातीचा खडा बोटांत चुरला. "आमच्या आज्याची माती व्हय ही?"

"तुझ्या आज्याची नि माझ्या सासऱ्याची," काकी म्हणाल्या. "चला, जवळा गार व्हतोय." तांदळाच्या भाकरीबरोबर तो जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) खाताना दामूकाका मधूनच त्या उघड्या नळीकडे बघत होते.

भांगाच्या दिवशी मी वरशाहून पुन्हा गेले. चिखलाच्या पाट्या हातोहात सरकत होत्या. खचलेल्या भागात दामूकाका गुडघाभर रुतून ओरडत होते, "यमुने, पाटी भर गो नीट! दर्याला घाई हाय म्हणते बाई!" मागे त्यांची आळी उभी होती. मीही रांगेत शिरले. पहिलीच पाटी माझ्या पायावर सांडली.

संध्याकाळी वरशाला परतताना नखांत तोच चिखल होता. पुढे कधी कुणी त्या बांधात नळी रोवली, तर जुन्या मातीवर पाटीपाटीने टाकलेला एक जाड थर सापडेल. त्याचे कारण त्या संशोधकाने हवामानात शोधू नये.