एक फाइल फुकट

माझ्या बाबांनी आयुष्यात फार थोड्या सूचना निमूटपणे पाळल्या. त्यांतली एक चोराची होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खिडकी आली होती: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. बाबांनी केला नाही. उलट चहा ठेवायला जाताना मला बजावलं, "हात लावू नकोस गं त्याला. अपडेट चाललंय."

ते अपडेट नव्हतं. त्या खिडकीआड त्यांच्या एकेका फाइलीला कुलूप लागत होतं.

बाबा खडकीला कारखान्यात होते. पाळी सुटली की पत्रकं लिहायचे. छप्पन साली आजोबा बौद्ध झाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी गप्प बसल्याचं मी ऐकलेलं नाही. वस्तीतला नळ, अडकलेली शिष्यवृत्ती, जातीवरून मारलेला टोमणा, प्रत्येकावर एक पत्रक. गोष्टींची पुस्तकं आमच्याकडे फार उशिरा आली. मी अक्षरं जुळवून वाचलेले पहिले शब्द 'जाहीर निषेध' हे होते आणि पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पत्रकांच्या पेटीला ओल लागली होती. कागद हातात घेतला की तुकडे पडायचे. बाबांनी ती सगळी पत्रकं टाइप करायला घेतली. प्रत्येकाखाली ते एक टीप लिहीत: हे कुणी वाटलं, कुणी फाडलं, कुणाला त्यासाठी मार बसला. एक पत्रक टाइप झालं की त्याचा भुगा कचऱ्यात. या टिपा कागदावर कुठेच नव्हत्या. त्याचं पुस्तक करायचं ठरलं होतं. "हे झालं की मी मोकळा," असं ते म्हणायचे.

आता बाबा ज्यात टाइप करत त्या मराठी फॉन्टबद्दल सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. पुण्यात मराठी छापायचं म्हटलं की अजूनही वीसेक वर्षांपूर्वीचे फॉन्ट लागतात आणि ते कुणी विकत घेत नाही. नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्याने बाबांना ते पेनड्राइव्हवर दिले होते आणि वर मंत्रही दिला होता, "साहेब, आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग हे घालायचं. त्याला आपलं मराठी व्हायरसच वाटतं."

डीटीपीवाला हसत सांगत होता. बाबांना तो अपमान वाटला. घरी आल्यावर म्हणाले, "बघ. यांच्या यंत्रालाही आपली अक्षरं म्हणजे रोग." तेव्हापासून अँटिव्हायरस बंद करणं हे आमच्या घरात जवळजवळ तत्त्व झालं. अक्षरं कुणाच्या बापाची नाहीत, त्यांना पैसे मोजायचे नाहीत, आणि पहारेकऱ्याने अडवलं तर पहारेकऱ्याला बाजूला सारायचं. तत्त्व मला अजूनही पटतं. म्हणूनच जास्त राग येतो.

विंडोज बदललं आणि जुना फॉन्ट उघडेना. डीटीपीवाल्याने दुकान बंद केलं होतं. बाबांनी नेटवर शोधलं, 'मोफत' लिहिलेली फॉन्टची एक फाइल उतरवली. तिच्यासोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. कुणालाही इथे शंका आली असती. बाबांना उलट खात्री पटली. मराठी फॉन्टचं असंच तर असतं.

चहा होईपर्यंत काम झालं होतं. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे चार विचित्र अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी. तुमच्या फाइली बंद केल्या आहेत, किल्ली आमच्याकडे आहे, पैसे पाठवा. इंग्रजी अगदी अदबीचं होतं. शेवटी एक सवलत: विश्वास बसावा म्हणून कोणतीही एक फाइल आम्ही फुकट उघडून देऊ.

सुरक्षेचं काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला फोन लावला.

"आधी वाय-फाय तोड," ती म्हणाली. "बॅकअप आहे?"

"आहे. बाहेरची हार्डडिस्क."

"कुठे आहे ती?"

ती कॉम्प्युटरलाच जोडलेली होती. सुरक्षित राहावी म्हणून बाबा ती कधी काढतच नसत.

"मग तीही गेली," मैत्रीण म्हणाली. "कुलपालाच लटकवलेली चावी काय कामाची?"

संध्याकाळी ती घरी आली. तिने चिठ्ठीत चोराने आम्हाला दिलेला क्रमांक आणि एक बंद फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर तपासली. अशा व्हायरसच्या काही जातींची किल्ली जाणकारांनी शोधून फुकट ठेवलेली असते. या जातीचं कुलूप लागताना नेट चालू असेल, तर प्रत्येक घराची किल्ली वेगळी आणि ती चोराकडेच. आमचं नेट चालू होतं.

"काका, नीट ऐका," ती म्हणाली. "व्हायरस निघेल. फाइली सुटणार नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद फाइली मी कोऱ्या डिस्कवर काढून ठेवते. कधीतरी किल्ली सापडली तर सापडली. मग हा कॉम्प्युटर पूर्ण पुसायचा आणि विंडोज नव्याने घालायचं. तुमचे सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायचे, कारण ही मंडळी जाताना तेही उचलून नेतात."

"आणि पैसे दिले तर?"

मी चमकून पाहिलं. आयुष्यभर दमदाटीला न बधलेला माणूस विचारत होता.

"कधी किल्ली देतात, कधी नाही देत. त्या पैशातून पुढच्या माणसाला मात्र नक्की पकडतात."

"बाबा, खंडणी द्यायची नाही," मी म्हणाले.

"तुला काय जातंय बोलायला? ते तुझं लिहिलेलं नाही."

"तुम्हीच शिकवलंत."

"पत्रकात लिहिणं सोपं असतं गं," बाबा म्हणाले. एवढं कडू ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मग चिठ्ठीकडे बोट दाखवून, "हे एक फुकट देतायत ते तरी घेऊ या. एकच."

मैत्रीण नको म्हणाली. त्यांच्याशी बोलणं सुरू केलं की ते सोडत नाहीत. पण बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. कुठली फाइल निवडायची? नळाच्या मोर्च्याची, ज्यात आई पुढे होती? की ज्याच्यासाठी त्यांच्या मित्राची नोकरी गेली ते पत्रक? ते नावं वाचत खाली जात, पुन्हा वर येत. आईने जेवायला हाक मारली, तरी उठले नाहीत.

शेवटी म्हणाले, "पूस."

"नक्की, काका?"

"एक सोडवून घ्यायचं म्हणजे बाकीच्यांना मी सोडून दिलं. ते काम मी चोराच्या सांगण्यावरून करणार नाही."

मैत्रिणीने बंद फाइली डिस्कवर उतरवल्या आणि कॉम्प्युटर पुसला. नव्या विंडोजमध्ये मराठी आपोआप होतं, फुकट, सरळ. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि छापखाने, डीटीपीवाले, आम्ही, सगळे त्या जुन्या चोरीच्या फॉन्टला चिकटून होतो. यावर हसावं की कुणाच्या तरी नावाने पत्रक काढावं, मला कळेना.

मग आईला आठवलं. टाइप केलेल्या पानाचा फोटो काढून बाबा रोज सकाळी तिच्या फोनवरून क्वार्टरमधल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. टिपेसकट. फोनमध्ये ते सगळे फोटो होते. बाबा लहान मुलासारखे अधीर झाले. आम्ही एकेक फोटो उतरवत गेलो आणि ते पुन्हा टाइप करत गेले.

एका सकाळच्या फोटोशी आम्ही थांबलो. त्याखाली ग्रुप चालवणाऱ्या बाबांच्याच एका जुन्या सोबत्याचा संदेश होता: "दादा, सुप्रभात टाका, हे नको. आमची मुलं सरकारी नोकरीत आहेत. उगाच कशाला?" त्यापुढे बाबांनी पत्रकाचा एकही फोटो टाकलेला नव्हता. फुलं होती, देवळं होती, जोडलेले हात होते. अर्ध्याहून जास्त पत्रकं त्या सकाळनंतर टाइप झाली होती.

"तुम्ही बोलला नाहीत काही?" मी विचारलं.

"भांडून काय करायचं? आपलीच माणसं," बाबा म्हणाले.

आता ती डिस्क कपाटात आहे. मैत्रीण अधूनमधून पाहते, किल्ली आलेली नाही. पुस्तक निम्मंही निघणार नाही. शेवटच्या पानावर बाबांनी तो संदेश जसाच्या तसा टाइप केला, पत्रकासारखा, आणि सवयीने खाली टीप लिहिली: "ही सूचना मी पाळली."