निकासिओचा खरा चेंडू

सान पेद्रोतल्या साखर कारखान्यामागच्या गल्लीत देव दोनच. एक चर्चमधला, दुसरा निकासिओ. चर्चमधल्याला कुणी पाणी भरताना पाहिलं नव्हतं. निकासिओ रोज भरायचा.

"अमेरिकेत असशील मोठा बेसबॉलवाला! इथं बादली उचल," त्याची आई एन्ग्रासिया दारातून ओरडायची. ज्याचं नाव रेडिओवर आलं की अख्खी गल्ली गप्प व्हायची, तो धिप्पाड गडी निमूट नळावर जायचा. बादली मात्र उजव्या हातात. डावा हात चेंडू फेकायचा; त्याला ओझं लागलेलं गल्लीला खपत नसे.

शेजारच्या नुरिस नावाच्या पोरीला एकच वेड होतं. निकासिओकाकाचा खरा चेंडू एकदा तरी झेलायचा. थंडीत तो घरी आला की पोरांना लाडाचे, हळू चेंडू टाकायचा. खरा चेंडू झेलायचा फक्त त्याचा मेहुणा, मागच्या बोळात. भिंतीपलीकडून चेंडू ग्लोव्हवर आदळल्याचा आवाज आला की नुरिसच्या अंगावर काटा यायचा.

त्या वर्षी सराव सुरू होण्याआधीच ऊस तोडताना मेहुण्याच्या अंगठ्यावर कोयता बसला. महिन्याभरात निकासिओला संघात परतायचं होतं, सराव चुकवून कसं चालेल? गल्लीत सगळ्यात पक्के हात नुरिसचे. त्यानं तिलाच हाक मारली.

"ही पोरगी? रडत येईल बघा," गल्लीतला चीची म्हणाला. पोरांचा नुसता जळफळाट झाला.

मेहुण्याचा भलाथोरला ग्लोव्ह घालून नुरिस बोळात उकिडवी बसली. निकासिओनं पाय उचलला, केवढा उंच! सगळं अंग वळलं, हात भिरभिरला. रेडिओतला माणूस तिच्यासाठी चेंडू टाकत होता. तिचे डोळेच भरून आले. चेंडू आला आणि अलगद ग्लोव्हमध्ये बसला. दुसराही तसाच. हाताला झिणझिणीसुद्धा नाही.

ती चिडली. "काका, मी काय कुक्कुलं बाळ आहे? लाड पुरे. खरा टाका ना!"

निकासिओ घामानं निथळत होता. त्यानं डावा खांदा घट्ट धरला होता.

"हाच खरा आहे, पोरी."

नुरिस उठून उभी राहिली.

"घरी माहीत नाही कुणाला," तो म्हणाला. "आईला तर नाहीच."

ती पुन्हा बसली. "टाका, काका."

तो टाकत राहिला. प्रत्येक वेळी तसाच उंच पाय, तसंच वळलेलं अंग. हातात काही उरलं नव्हतं, तरी माणूस हातचं राखत नव्हता. एवढं मोठं काही नुरिसनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पोरं बोळाच्या तोंडाशी ताटकळली होती. बाहेर पडण्याआधी नुरिसनं ग्लोव्ह काढला आणि तळहात खरबरीत भिंतीवर आपटला. लाल होईपर्यंत आपटत राहिली.

"बघू, बघू!" चीचीनं हात ओढला.

"हळू रे मेल्या! आग झालीय नुसती."

पोरांनी आ वासला. तेवढ्यात एन्ग्रासिया धावत आली. तिनं तो तळहात पाहिला आणि मुलाकडे वळली.

"लाज वाटते का रे तुला? एवढ्याशा पोरीला इतक्या जोरात टाकतात?"

निकासिओनं नुरिसकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"चुकलं, आई," तो म्हणाला.