ओढ्याची वाट आणि मुनीरचाचा

वाहतं पाणी कुणाच्या मालकीचं असतं, सांगाल? पळसदरीजवळच्या आमच्या गावात ओढ्याच्या वाटेवर ज्यांनी बंगला बांधून गेट ठोकलं, ते गेल्या महिन्यात मुनीरचाचांच्या शोकसभेत उठून म्हणाले, "वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गौरीला आम्ही गेट उघडू." टाळ्या पडल्या... मी वाजवल्या नाहीत.

चाचा कर्जतच्या कोर्टात वकिली करत. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या ऑफिसात पत्रकं लिहीत बसायचे आणि ते मला ग्रीकांबद्दल सांगायचे. स्टोइक तत्त्वज्ञ म्हणत, राजाच्या हुकमाच्या वर निसर्गाचा एक कायदा आहे आणि तो सगळ्या माणसांना सारखा. रोमच्या कायदेपंडितांनी तो विचार उचलला आणि लिहून ठेवलं की हवा, समुद्र, वाहतं पाणी सगळ्यांचं. "गुलामी निसर्गाविरुद्ध आहे, हेही त्यांनीच लिहिलं," चाचा म्हणत. "लिहिलं, आणि गुलाम ठेवले. नुसतं लिहून काय होतंय, पोरी?"

एरवी कायम बंद असलेलं ते गेट दोन वर्षांपूर्वी गौर आणायच्या दिवशी सताड उघडं होतं. "सायबांनी आजच्यापुरती परमिशन दिलीय," वॉचमन म्हणाला. बाया खूश. पण चाचा आडवे उभे राहिले. "परमिशननं गेलात तर वाट त्यांची ठरते. मग मी कोर्टात काय सांगू?"

माझी मैनाआत्या हातातलं सूप सावरत करवादली, "वकीलसायेब, तुमी गौर आणायला आलाव का अडवायला?"

"माहेरवाशीण स्वतःच्या घरी विचारून येते का गं?"

आत्या वॉचमनकडे वळली. "तुज्या सायबाला सांग रं, आमी इचारून नाय चाललो. वाट आमची हाय, म्हणून चाललो."

बाया हसत आत शिरल्या. पुढं चाचांनी दावा लावला... निकाल लागायच्या आत ते गेले.

शोकसभेत जो तो म्हणाला, चाचा शांत, समजूतदार. खोटं आहे. ते भांडखोर होते, आणि आम्हाला त्यांचं भांडणच हवं आहे. गावातले काही जण म्हणतात, गेट उघडतंय ना, मग झालं. काही झालं नाही! उपकार म्हणून उघडलेलं गेट उपकार करणाऱ्याच्या मर्जीनं बंद होतं, आणि ते चाचांच्या नावानं उघडलं तर चाचांचा दावा त्यांच्याच नावाखाली गाडला जाईल.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. यंदा गौर आणायला आमच्यासोबत ओढ्यावर या. गेटपाशी कुणी हसून परवानगी देऊ लागलं, तर 'नको' म्हणा आणि चालत राहा.