खांदा अडकलेलं बाळंतपण

प्लासिडचा डावा हात जन्मापासून लुळा. वसईतल्या आपल्या वाडीत तो गळ्यात टोपली अडकवून एका हातानं सोनचाफा खुडायचा. घरात कौतुकानं सांगत, की प्लासिड जन्मला तेव्हा पाच किलोचा होता, सगळं गाव बघायला आलं होतं. आई मात्र शेवटच्या आजारपणात एकदाच म्हणाली, "डोकं बाहेर आलं नि खांदा अडकला. तू निळा पडलास. सुइणीनं हात धरून ओढला."

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा सून ब्रिटनीला नववा लागला. पोट एवढं, की बायका जुळं आहे का विचारायच्या. प्लासिडची बायको हेलन खूश होती; रोज तिच्यापुढे आंबे कापून ठेवायची. ब्रिटनीला सारखी तहान लागायची.

"साखर तपासली का गं?" प्लासिडनं विचारलं.

"ती टेस्ट राहूनच गेली, पप्पा."

"बाळ चांगलं गुटगुटीत आहे. तू नाट लावू नकोस," हेलन म्हणाली.

तेव्हा त्यानं आईचं बोलणं सांगितलं. हेलननं आंब्याची ताटली उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी मुलगा डिलन ब्रिटनीला गोखिवऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. प्लासिडही गेला. साखर दोनशेच्या वर निघाली, सोनोग्राफीत बाळ सव्वाचार किलोचं.

"अंदाज चुकू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आईची साखर वाढली की बाळ मोठं होतं, त्याचे खांदे रुंद असतात. डोकं निघून खांदा अडकला, तर आमच्या हातात फार थोडी मिनिटं उरतात. आपण सिझेरियन करू."

दहा दिवस इन्सुलिन चाललं. बाळ किती हललं ते ब्रिटनी कॅलेंडरवर मांडायची. एका दुपारी ते बराच वेळ हललं नाही. घरात कुणी जेवलं नाही. चारच्या सुमारास पोटात लाथ बसली.

सिझेरियननं मुलगी झाली, पावणेपाच किलोची. रडली, पण तासाभरात ढेपाळली. आईकडून येणारी जादा साखर थांबल्यानं तिची साखर एकदम उतरली होती. चार दिवस तिला काचेच्या पेटीत सलाईनवर ठेवलं. पाचव्या दिवशी घरी आणली.

सहा आठवड्यांनी ब्रिटनीची साखर पुन्हा बघायची होती. "बाप्तिस्मा झाला की जाऊ," ती म्हणाली. प्लासिडनं ऐकलं नाही, रिक्षा दारात आणून उभी केली.

बाळंतपणानंतरही ब्रिटनीची साखर उतरली नव्हती. ब्रिटनीनं रिपोर्ट दोनदा वाचला.

"म्हणजे पुढच्या वेळी पण असंच होणार?" तिनं विचारलं.

"पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासून इथे यायचं," प्लासिड म्हणाला.